आत राहिलेली माया

आमच्या हिला दुकानात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे टाचणीबाई म्हणतात. दिवसाचे सात-आठ तास हिच्या ओठांत टाचण्या असतात, आणि त्या तशाच धरून ही गिऱ्हाइकांशी बोलते. "सरळ उभे राहा. पोट आत ओढू नका, घरी गेल्यावर ते बाहेरच येणार आहे," हे वाक्य मी तिच्याकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोट माझंच होतं. त्या पँटची कंबर तिने दोनदा सोडून दिली आणि तिसऱ्या खेपेला मी लग्नाचं विचारलं. तेव्हाही ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे ती हो म्हणाली की नुसतंच हूं म्हणाली हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

दुकान तयार कपड्यांचं आहे. पुढे काचा, दिवे आणि डोकी नसलेले पुतळे. मागे ट्रायल रूमला लागून एक अरुंद खोली, तीत एक शिवणयंत्र, एक इस्त्री, खडूचे तुकडे ठेवलेला पत्र्याचा डबा, आणि ही. उंची कमी करायची, कंबर सोडायची, बाह्या आखूड करायच्या, असं हिचं काम सव्वीस-सत्तावीस वर्षं चाललंय. नवा कपडा हातात आला की ही आधी तो उलटा करते. लोक रंग बघतात, ही शिवण बघते. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडलेलं असतं, बाहेरून न दिसणारं, त्याला शिवणकामात माया म्हणतात. माणूस अंगाने सुटला की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. हल्लीचे कारखाने माया ठेवत नाहीत ही हिची जन्माची तक्रार. एकदा माया कापून टाकली की कपड्याला पुढे काही उरत नाही, हे मला तिने हजार वेळा तरी ऐकवलं असेल.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझा स्वभाव तापट आहे, हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगून ठेवतो. यंत्र ऐकत नसेल तर मी यंत्राशी भांडतो, माणूस ऐकत नसेल तर माणसाशी. हिच्यापुढे मात्र काही चालत नाही, कारण ही भांडतच नाही. गप्प होते आणि शिवता शिवता कुठेतरी निघून जाते. हात चालू, पाय शिवणयंत्राच्या पायडलवर, डोळे मात्र भिंतीच्या पलीकडे. मी तीन वेळा चहाचं विचारलं की चौथ्यांदा परत येते आणि म्हणते, "काही म्हणालात का?" सुरुवातीला मी चिडायचो. पुढे सवय झाली. ही जागेपणी स्वप्नं बघणारी बाई आहे, आणि अशा बाईच्या नवऱ्याने चहा स्वतः करून घ्यावा.

दोन वर्षांपूर्वी हिला साधा ताप आला. आठवड्यात गेला, पण जाताना हिच्या हृदयातली ताकद घेऊन गेला. आधी जिन्यात दम लागायला लागला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावरचे सगळे विनोद ओळखीच्यांनी करून झालेले आहेत. मग पाय सुजायला लागले. मग तीन उशा लावल्याशिवाय झोप येईना. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना, म्हणजे मला, हिला आणि आमच्या मुलीला, समोर बसवलं आणि सांगितलं की हृदय ताणून ताणून सैल पडलंय, औषधांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं. आता दुसऱ्या कुणाचं हृदय मिळालं तरच. मी म्हटलं, मग यादीत नाव घाला. ते म्हणाले, घालू, पण आधी रक्ताची एक तपासणी करावी लागेल.

त्या तपासणीत असं निघालं की शंभर हृदयं समोर आणून ठेवली तर त्यातल्या अठ्ठ्याऐंशींना हिचं रक्त नाही म्हणेल. नुसतं नाही म्हणणार नाही, तर त्यांच्यावर तुटून पडेल. हिच्या रक्तात अँटिबॉडी होत्या, परक्या माणसाच्या पेशी ओळखून त्यांना मारणाऱ्या. मी विचारलं, ही आयुष्यात कुणाला वाकडा शब्द बोलली नाही, हिच्या रक्तात हे आलं कुठून? डॉक्टर म्हणाले, बाळंतपणातून. पोटातलं बाळ निम्मं आईचं आणि निम्मं बापाचं असतं. ते बापाचं निम्मं आईच्या रक्ताला परकं दिसतं. काही बायकांचं रक्त ते ओळखून ठेवतं आणि वर्षानुवर्षं विसरत नाही.

"म्हणजे पंचवीस वर्षं ही माझ्याविरुद्ध फौज बाळगून होती," मी म्हटलं. डॉक्टर हसले, मुलगी हसली. ही हसली नाही. तिने एकच गोष्ट विचारली.

"दिवस पूर्ण भरले नसले तरी ओळखतं का रक्त?"

"तरीही," डॉक्टर म्हणाले.

परत येताना बसमध्ये ही खिडकीशी बसली होती आणि डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून हसत होती. इतकी आजारी बाई, अठ्ठ्याऐंशीचा आकडा ऐकून आलेली, आणि चेहरा असा की जणू कुणी गाव सोडून गेलेलं माणूस स्टँडवर अचानक भेटलंय. मला वाटलं, औषधांचा परिणाम असेल. पंचवीस वर्षं एका घरात राहूनही माणसाला असं काहीबाही वाटू शकतं.

उपाय होता. त्याला प्लाझ्मा एक्स्चेंज म्हणतात. मानेतल्या मोठ्या शिरेत दोन तोंडांची नळी बसवायची, एका तोंडातून रक्त बाहेर काढून यंत्रात फिरवायचं, म्हणजे लाल पेशी एकीकडे जातात आणि रक्तातलं पिवळसर पाणी एकीकडे. अँटिबॉडी त्या पाण्यात असतात. ते पाणी पिशवीत जमा करायचं, आणि त्याच्या जागी बाटलीतलं स्वच्छ द्रावण घालून पेशी हिच्या अंगात परत सोडायच्या. एका वेळेला अडीच तास. एक दिवसाआड, असं पाच वेळा. आकडा पुरेसा खाली आला तर हृदय मिळण्याची आशा, नाही तर डॉक्टरांच्या हिशेबाने चार-सहा महिने. हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. हिने ते आतूनच ओळखलं.

ती खोली मला अजून दिसते. रुग्णालयाच्या पाचव्या मजल्यावर, लांबट, पश्चिमेला उंच खिडक्या आणि त्यांना विटक्या निळ्या रंगाचे पडदे. लिफ्ट त्या मजल्यावर बोटभर खाली थांबायची, त्यामुळे प्रत्येक स्ट्रेचरला हिसका बसायचा. ते बघून माझे हात शिवशिवायचे. यंत्र कपाटाएवढं, आवाज एकसारखा, खालच्या पट्टीतला. ते चालवणारी एक तिशीतली मुलगी होती. आम्ही तिला मशीनताई म्हणायचो. मशीनताईने सांगितलं, रक्त गोठू नये म्हणून औषध घालतो, त्याने ओठांना मुंग्या येतील, आल्या तर सांगा, कॅल्शियम देते. थोड्या वेळाने ही म्हणाली, ओठात टाचण्या धरल्यासारखं वाटतंय. मशीनताई औषधाकडे धावली, आणि ही म्हणाली, राहू द्या हो, मला सवय आहे.

मग हिला गुंगी आली. दुपारचं ऊन पडद्यातून येऊन यंत्राला टांगलेल्या पिशवीवर पडत होतं. पिशवी हळूहळू भरत होती. रंग मधासारखा. त्या पिशवीतून गाळून आलेला उजेड चादरीवर एक पिवळा डाग होऊन पडला होता आणि यंत्राच्या हादऱ्याने हलत होता. मी त्याच्याकडे बघता बघता खुर्चीत पेंगलो. अर्धवट झोपेत मला हिचा आवाज ऐकू येत होता. ही दुकानात होती. ट्रायल रूममध्ये एक तरुण मुलगा पँट घालून बघत होता, पडद्याखालून त्याचे पाय दिसत होते, आणि ही म्हणत होती, ये बाहेर, उंची बघू दे. तो आतून म्हणत होता, थांब ना, होतंय. "गिऱ्हाइकं मला तुम्ही म्हणतात," ही झोपेतच म्हणाली. "हा थांब म्हणतोय."

जाग आल्यावर हिने भरलेली पिशवी बघितली आणि मशीनताईला विचारलं, आता याचं काय करता? मशीनताईने सरळ मनाने सांगितलं की लाल डब्यात टाकतो, संध्याकाळी गाडी येते, बाकीच्या रुग्णालयाच्या कचऱ्याबरोबर जाळतात. त्या संध्याकाळी ही जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच परत गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरी खेप होती. स्ट्रेचर दाराशी आलं तेव्हा ही पलंगावर भिंतीला टेकून बसली होती आणि तिने मानेतल्या नळीवर तळहात ठेवला होता.

"मी येत नाही," ती म्हणाली.

मी आधी समजावलं. माझ्या समजावण्याला फार दम नसतो, दोन मिनिटांत मी ओरडायला लागलो. ओरडताना काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मुलगी रडायला लागली. नर्स आत डोकावून गेली. माझं ओरडून संपेपर्यंत ही थांबली आणि मग, भरतकामाचा दोरा तोडावा इतक्या हळू, म्हणाली, "त्याची माया आहे ती. एवढीच राहिलीये माझ्यात. ती कापून पिशवीत भरतात आणि जाळतात. मी नाही कापू देणार."

मला दोन क्षण काही कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं, आणि मी जवळच्या स्टुलावर बसलो.

हे आता सांगायलाच हवं. आमच्या मुलीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. आठव्या महिन्यात, हालचाल थांबली म्हणून दवाखान्यात गेलो, आणि तो जन्मला तेव्हा जिवंत नव्हता. हिला गुंगीचं औषध दिलेलं होतं. नर्स कापडात गुंडाळून त्याला माझ्याकडे घेऊन आली आणि तिने विचारलं, आई शुद्धीवर आल्यावर दाखवायचं का? मी म्हटलं, नको. न पाहिलेल्याचं दुःख कमी असेल असं मला वाटलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. हिने त्याच्यासाठी सहा झबली शिवून ठेवली होती, त्या बोटभर झबल्यांनाही हिने आत माया सोडलेली होती, वाढत्या अंगाचं मूल म्हणून. ही घरी यायच्या आत ती झबली मी एका ओळखीच्या बाईला देऊन टाकली. ही घरी आली, तिने कपाट उघडलं, बंद केलं आणि स्वयंपाकाला लागली. तिने मला कधी काही विचारलं नाही. मी समजलो की विसरली. खरं म्हणजे मीच तिला धरायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आणि आता एक डॉक्टर येऊन सांगत होते की तुमच्या रक्तात ते पोर पंचवीस वर्षं राहिलंय. मग ती बसमध्ये हसणार नाही तर काय करणार.

मुलीला हे सगळं अर्धंच माहीत होतं. ती डोळे पुसत म्हणाली, "आई, मी पण तुझ्या पोटात होते. त्या अँटिबॉडी कदाचित माझ्याही असतील."

"तू समोर बसून रोज भांडतेस," ही म्हणाली. "तुझी माया आणखी वेगळी कशाला जपून ठेवू?"

स्ट्रेचरवाला दारात उभा होता. मी त्याला दहा मिनिटं मागितली आणि मुलीला त्याच्याबरोबर बाहेर पाठवलं. मग मी हिच्यासमोर बसलो. मी म्हटलं, "मी पाहिलंय त्याला."

"माहितेय."

"तू कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

मग मी सांगितलं. पंचवीस वर्षं जे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते सगळं. केस खूप होते, काळे, ओले, कपाळाला चिकटलेले. डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती, माझी आहे तशी. बोटं लांब होती, तुझ्यासारखी, आणि नखं आलेली होती. रंग फिका होता. भुवया मात्र इतक्या रेखीव होत्या की कुणी खडूने आखून दिल्यासारख्या. ओठ घट्ट मिटलेले होते. तू टाचण्या धरून मिटतेस ना, अगदी तसे. मी त्याच्या कपाळाला बोट लावलं होतं. गार नव्हतं अजून. मग मी त्याला परत दिलं आणि जिन्यात जाऊन बसलो.

ही ऐकत होती. डोळे भिंतीच्या पलीकडे नव्हते, माझ्या तोंडाकडे होते. माझं संपल्यावर तिने विचारलं, "लांबीला किती होता?"

मी हाताने दाखवलं. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, एवढा. हिने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, बाही वर सारली आणि कोपरापासून वीत टाकली. मग दुसरी. मग दोन बोटं लावून बघितली. "दोन विती, वर दोन बोटं," ती स्वतःशी म्हणाली. माझ्या हातावर तो असा मापून झाल्यावर तिने तळवा थोडा वेळ माझ्या मनगटावर तसाच ठेवून दिला. मी रडत होतो. मला रडायचं लवकर जमत नाही आणि जमलं की थांबवता येत नाही. ही रडली नाही. "झबलं त्याला मोठंच झालं असतं," ती म्हणाली, आणि मग, "चला. मशीनताई खोळंबली असेल."

त्या दिवशी यंत्राशी बसल्यावर हिने मशीनताईला विचारलं की या पाच वेळांत माझ्या रक्तातलं सगळं जाईल का. मशीनताईला आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, सगळं कुठलं जातंय? आम्ही काढतो ते रक्तात फिरणारं. ते बनवणाऱ्या पेशी हाडांत आत बसलेल्या असतात, त्यांना आमच्या यंत्राचा हात पोचत नाही. इथे काढलं की तिथे परत बनतं. त्याच्यासाठी वेगळी औषधं देतात, पण त्या पेशी फार चिवट. हीच तर आमची डोकेदुखी आहे.

"असू दे," ही म्हणाली, आणि डोळे मिटले. उजेडाचा पिवळा डाग चादरीवर हलत होता. थोड्या वेळाने झोपेत तिचा चेहरा सैल झाला. जाग आल्यावर मी विचारलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, दुकानात. पडदा सरकवून तो बाहेर आला होता. पँट लांबीला जास्त होती, तिने खाली बसून खडूने खूण केली, आणि वर बघितलं तर कानाची पाळी दुमडलेली. मी माझ्या कानाला हात लावला.

पाच खेपा झाल्या. अठ्ठ्याऐंशीचा आकडा एक्केचाळीसवर आला. त्यानंतर दर आठवड्याला एक खेप, आकडा पुन्हा चढू नये म्हणून. हिवाळा आला आणि गेला. खिडकीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर सरकलं आणि परत पलंगावर आलं. आम्ही तिघं त्या खोलीत एवढे रुळलो की मुलगी, ती शिकवते त्या बालवाडीतल्या पोरांसाठी, कागदी फुलं तिथेच बसून कापायची, आणि मी शेवटी रुग्णालयाच्या लोकांची परवानगी काढून ती लिफ्ट नीट केली. बोटभराचा फरक काढायला मला पाऊण तास लागला. मग एका मंगळवारी दुपारी, मुलगी हिची नखं कापत असताना, डॉक्टर आत आले आणि म्हणाले, हृदय आलंय, आणि हिच्या रक्ताने त्याला हो म्हटलंय. कुणाचं ते सांगत नाहीत. पण वॉर्डातल्या कुणाच्या तरी तोंडून निसटलं, तरुण मुलगा होता म्हणून.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. मला ताणून ठेवलेल्या गोष्टी आवडत नाहीत. ही आज घरी आहे, तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या पायांनी चढून येते आणि आठवड्यातून चार दिवस दुकानात जाते. दर महिन्याला रक्त तपासतात. त्या अँटिबॉडी थोड्या असतातच, पूर्ण जात नाहीत. डॉक्टर म्हणतात, एवढ्याने बिघडत नाही.

पण मध्ये एक दिवस असा होता की तो आठवला की मी अजून हातातलं काम खाली ठेवतो. शस्त्रक्रियेनंतरचा बारावा दिवस. नऊ-दहा दिवस सगळं ठीक चाललेलं होतं, आणि अचानक हिला परत दम लागला, पाय सुजले, रक्तदाब उतरला. नव्या हृदयाचा कणभर तुकडा काढून तपासला. डॉक्टर आले, आणि या वेळी त्यांनी मला बाहेर बोलावलं नाही, हिच्यासमोरच सांगितलं. त्या अँटिबॉडी परत उठल्या होत्या. हाडांतल्या पेशींनी नव्या हृदयात कुठेतरी तेच जुनं परकेपण ओळखलं होतं आणि अँटिबॉडी त्याच्यावर तुटून पडल्या होत्या. आता रोज यंत्र लावायचं, कदाचित सात वेळा, कदाचित जास्त. एवढं करूनही हृदय टिकेल याची खात्री देता येत नव्हती.

मी हिच्याकडे पाहिलं. ऑक्सिजनच्या मास्कमागे ती हसली होती. क्षणभरच, पण मी पाहिलं. तो परत आला होता ना. आम्ही एवढं काढून काढून टाकलं, आणि तो चिवट पोरगा परत आला होता. मला तिच्या आनंदाची भीती वाटली. ही आता परत मानेवर हात ठेवील आणि मला सांगेल की मी येत नाही, आणि आता माझ्याजवळ तिला द्यायला दुसरं काही नव्हतं. जे होतं ते सगळं मी देऊन बसलो होतो.

पण तिने स्वतःच स्ट्रेचरवाल्याला खूण केली.

त्याच लांबट खोलीत, त्याच यंत्राशी, दुपारी तीनच्या सुमाराला मी तिचा हात धरून बसलो होतो. पिशवी भरायला लागली होती. मशीनताई दुसऱ्या टोकाला काहीतरी लिहीत होती. हिचे डोळे मिटलेले होते. बराच वेळ ओठ नुसते हलत होते, मग आवाज आला.

"ऐकतोयस ना?"

मी हूं म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं, की ही मला आजवर कधी अरे-तुरे बोललेली नाही.

"तो पण कुणाच्या तरी पोटचा आहे," ती म्हणाली. श्वास घ्यायला थांबली. "त्याची आई रिकाम्या हाताने घरी गेलीये. मारायचं नाही त्याला. किती वेळा सांगू? सरक जरा. जागा दे त्याला."

आवाज मऊ नव्हता. मुलगी लहान असताना दुसऱ्याचं खेळणं हिसकावायची तेव्हा लागायचा, तो आवाज होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती आमच्या मुलाला रागावत होती. आई रागावत असताना बापाने मध्ये बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प बसलो.